पहिली सुरी घडवताना: पोलाद, पाणी आणि धार

छंद म्हणून सुरी करायला बसलेल्या माणसाचे लक्ष प्रथम आकाराकडे आणि मुठीकडे जाते. परंतु सुरीचा कस पोलादाला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे ते तापवून आणि लगेच द्रवात बुडवून (विझवून) कडक करण्यावर ठरतो, आणि नवशिक्याने आपली सर्वाधिक काळजी तिथेच खर्च करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागातले जाणते शेतकरी लोहाराकडून कोयता किंवा विळा घेताना त्याचे पाणी कसे आहे, हेच आधी विचारतात.

पहिली सुरी भाजी चिरण्याची, साधारण ५ इंची पात्याची असावी. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे छंदाने स्वयंपाकघरातच राहावे.

ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा भंगारात स्वस्त मिळतो खरा, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात आणि तो इतका जाड असतो की लोहाराकडून ठोकून पातळ करून घ्यावा लागतो. त्यापेक्षा बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात चौकशी करून ईएन-४५ या स्प्रिंगच्या पोलादाची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची नवी पट्टी मिळवावी. साधे लोखंड घेऊ नये, कारण त्यात कार्बन इतका कमी असतो की ते कितीही तापवून विझवले तरी कडक होत नाही.

पुठ्ठ्यावर आकृती काढून ती पट्टीवर उतरवावी, हॅकसॉने कापावी आणि कानशीने कडा सारख्या कराव्यात. मुठीतून जाणारा भाग पात्यासह अखंड ठेवावा आणि रिव्हेटची भोके आताच पाडून घ्यावीत, कारण कडक झालेल्या पोलादात साधे ड्रिल चालत नाही. दोन्ही बाजूंचा उतार घासताना धारेच्या जागी सुमारे १ मिलिमीटर जाडी राखावी. ती आधीच पातळ केली, तर विझवताना पाते वाकते किंवा तडकते. ग्राइंडरवर काम करताना चष्मा आणि मास्क हवाच, आणि फिरत्या चाकापाशी कापडी हातमोजे मुळीच नकोत.

आता पाणी देण्याचे काम. कोळशाच्या लहान भट्टीत पाते एकसारखे तापवावे आणि हे सावलीत किंवा सांजवेळी करावे, कारण उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग फसवतो. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचे थांबते. त्यानंतर रंग आणखी थोडा उजळला की पाते ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात टोकाकडून सरळ खाली बुडवावे आणि आडवे हलवू नये. आपण त्याला पाणी म्हणत असलो, तरी या पोलादाला साध्या पाण्यात विझवले तर ते तडकण्याचा धोका मोठा असतो. तेलाचे भांडे लोखंडी असावे, त्याचे झाकण हाताशी ठेवावे, आणि तेलाने पेट घेतलाच तर झाकण घालावे; पाणी कदापि ओतू नये.

पाते थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवून पाहावी. ती न धरता घसरली, तर पोलाद कडक झाले. मात्र या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास दोनदा तापवावे. स्वच्छ घासलेल्या पृष्ठभागावर फिकट सोनेरी छटा आली की पुरेसे झाले. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा.

यानंतरचे घासणे उघड्या बोटांनी, पाते वारंवार पाण्यात बुडवत करावे. हाताला चटका बसू लागला की थांबावे, कारण धार निळी पडली तर त्या जागचा कडकपणा गेला.

मुठीसाठी शिसवीचे वाळलेले लाकूड उत्तम. ते एपॉक्सी गोंद आणि पितळी रिव्हेटने बसवून त्यावर जवसाचे तेल चढवावे. शेवटी दगडावर दोन्ही बाजूंना सुमारे १५ ते २० अंशांचा कोन धरून धार काढावी. खानापूरकडच्या पावसाळ्यात हे पोलाद लवकर गंजते, तेव्हा वापरल्याबरोबर सुरी धुऊन, कोरडी पुसून तिला खोबरेल तेलाचा हात द्यावा.