हार्वेस्टर कोणता ते नंतर, आधी मागे पडलेला दाणा मोजा

फेब्रुवारी उतरू लागला की खान्देशात हरभरा आणि गहू मागेपुढे काढणीला येतात आणि पंजाबातले हार्वेस्टर बांधावर येऊन उभे राहतात. प्रीत घ्यावा, करतार की जॉन डिअर, हे सगळे विचारतात. पण माल जातो तो भलत्याच कारणाने. गव्हातून निघालेले मशीन सेटिंग न बदलता हरभऱ्यात घुसते आणि टाकीत हरभऱ्याऐवजी डाळ पडते.

गव्हाला ड्रमचे (मळणी करणाऱ्या फिरत्या नळकांड्याचे) मिनिटाला साधारण ९०० ते १,००० फेरे, हरभऱ्याला ४०० ते ५००. ड्रम आणि त्याखालच्या जाळीतले अंतरही हरभऱ्याला वाढवावे लागते. चालक "सेट आहे" म्हणाला तरी फेरे स्वतः पाहा.

पन्नास पावले चालवून मशीन थांबवा. मागे डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एक मीटर बाय एक मीटर दोरी टाका, भुसा बाजूला करून दाणे मोजा आणि तिन्हींची सरासरी काढा. मशीन जायच्या आधी उभ्या पिकाखाली गळालेले दाणे त्यातून वजा करा. मध्यम दाण्याच्या हरभऱ्याचे चौरस मीटरला २० दाणे म्हणजे एकरी १६ किलो. मग टाकीतली मूठ पाहा. फुटका दाणा जास्त असेल तर ड्रमचे फेरे कमी करा. मागे न फुटलेले घाटे असतील तर जाळी थोडी जवळ घ्या. भुशात अख्खा दाणा उडत असेल तर पंखा कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि पुन्हा मोजणी.

आता कंपन्या. प्रीत, करतार, दशमेश यांच्या बऱ्याच मॉडेलांना लेलँडचे इंजिन असते, त्यामुळे मिस्त्री आणि सुटे भाग सहज मिळतात. ऐन हंगामात हीच मोठी गोष्ट. जॉन डिअरचे इंजिन त्यांचे स्वतःचे, म्हणून जवळ सर्व्हिस आहे का ते आधी पाहा. क्लास कंपनीचा, चाकांऐवजी चेनवर चालणारा क्रॉप टायगर नवापूरकडच्या ओल्या भाताला बरा. कोरड्या काळ्या रानातल्या हरभऱ्यासाठी चेनचा खर्च कशाला? १४ फुटी कटर बार (पुढची कापणीची पट्टी) लहान, वाकड्या वावरात कोपरे सोडतो. एसी केबिनने दाणा वाचत नाही.

सरी-वरंब्यावरच्या हरभऱ्यात कटर बार खाली नेता येत नाही आणि खालचे घाटे तसेच राहतात. पुढच्या पेरणीला रान सपाट ठेवा. यंत्राने काढायचा असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम हा वाण पाहा.

काढणीआधी:
- टाकी, दाणा वर नेणारा एलिव्हेटर झाडून घ्या. बियाण्याच्या प्लॉटला तर नक्कीच
- दगड, ढेकळे वेचा
- ताडपत्री तयार ठेवा
- दव उडाल्यावर, दहा-अकरानंतरच सुरुवात

दाण्यात ओलावा १२ ते १४ टक्के हवा. मीटर नसेल तर झाड हलवून पाहा, घाटे खुळखुळले पाहिजेत, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. दुकानदार लवकर वाळवायला पॅराक्वाट हे तणनाशक फवारा म्हणेल. ऐकू नका, हरभऱ्यासाठी ते लेबलवर नाही.

गारपिटीचा इशारा आला तर कंपनी पाहत बसू नका, मिळेल ते मशीन लावा, माल थोडा ओला आला तरी ताडपत्रीवर वाळवता येतो. दर ठरवतानाच चालकाला सांगा: पन्नास पावलांवर मशीन थांबेल आणि दाणे मोजले जातील.