नाल्याकाठी वाळुंज लावा, काठ धरून ठेवते

ज्यांचं वावर नाल्याले लागून आहे अन् दर पावसाळ्यात काठ खचून माती वाहून जाते त्यांनी वाळुंज नक्की लावा. आपल्याकडचं विलोचं झाड हेच, नदी-नाल्याच्या काठानं आपोआप उगवते. रोप विकत घ्यायची गरज नाही, पहिला चांगला पाऊस झाला की जुन्या झाडाची अंगठ्याएवढी जाड, दीड फुटाची काडी तोडायची अन् डोळे (कोंब फुटायच्या जागा) वर ठेवून दोन भाग जमिनीत, एक भाग वर अशी ओल्या मातीत खोचायची, ओल टिकली तर मुळं लवकर फुटतात. काड्या जरा दाट अन् तिरप्या ओळीत लावा म्हणजे मुळं एकमेकांत गुंततात. पहिलं वर्ष काटेरी कुंपण पाहिजेच, बकऱ्या कोवळा पाला ठेवतच नाहीत. पुढं तोच पाला चारा म्हणून कामी येतो, बारीक फांद्यांच्या टोपल्या होतात, फुलांवर मधमाश्या येतात.

विहीर, पाइपलाइन यांच्यापासून मात्र लांबच लावा, मुळं पाण्याकडं धावतात. कोरड्या बरड जमिनीत याच्या नादी लागू नका, तिथं कडुनिंब बरा.

सालीत सॅलिसिन नावाचं ताप-दुखणं कमी करणारं द्रव्य असते, १८२८ मध्ये ते वेगळं काढलं होतं, पण म्हणून घरी काढा करून पिऊ नका.