डीॲस्फाल्टिंग युनिटवर जाण्याआधी: मराठवाड्यातल्या केमिकलच्या मुलामुलींसाठी

नांदेडचं एसजीजीएस असो, जालन्याचा आयसीटीचा कॅम्पस असो की संभाजीनगरचं विद्यापीठ, इथे केमिकल शिकणाऱ्याला रिफायनरी रोज दिसत नाही. मुंबईतलं रिफायनऱ्यांचं माहूल गाठायचं तर रात्रभराचा प्रवास. मग क्रूडचं डिस्टिलेशन पाठ होतं, आणि व्हॅक्युम कॉलमच्या तळाशी उरतं त्याबद्दल 'त्याचं डांबर होतं' एवढ्यावर धडा संपतो. पण रिफायनरीचा नफा-तोटा बराचसा त्या तळातच ठरतो, म्हणून हे टिपण त्या तळातून सॉल्व्हंटने डांबरी भाग वेगळा काढणाऱ्या डीॲस्फाल्टिंग युनिटवर.

तळातल्या मालाला व्हॅक्युम रेसिड्यू किंवा नुसतं व्हीआर म्हणतात. याचा उत्कलनबिंदू साधारण ५४० अंश सेल्सिअसच्या पुढे. आणखी तापवून उकळवायला गेलात तर उकळण्याआधी रेणू तुटतात आणि नळ्यांत कोक धरतो. त्यामुळे इथे उकळण्याच्या फरकावर नाही, विरघळण्याच्या फरकावर वेगळं करायचं. प्रोपेन, ब्युटेन किंवा पेंटेनमध्ये हलके, पॅराफिनी रेणू विरघळतात; अस्फाल्टीन (डांबरातले सर्वांत जड रेणू) आणि जड रेझिन विरघळत नाहीत, ते खाली बसतात. वर येतं ते डीॲस्फाल्टेड ऑइल, म्हणजे डीएओ. खाली राहते ती पिच. निकेल, व्हॅनेडियम आणि कोक करणारा कार्बन यांचा मोठा वाटा पिचमध्ये जातो. क्रॅकिंग नाही, हायड्रोजन नाही, कॅटॅलिस्ट नाही. म्हणून युनिट तुलनेने स्वस्त पडतं, आणि म्हणूनच काही नाहीसंही होत नाही. जेवढी घाण आत आली तेवढी पिचमधून बाहेर न्यावीच लागते.

लातूरच्या बाजूला सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट पाहिला असेल तर निम्मी कल्पना तुमच्याकडे आहेच: हेक्झेन फिरवायचं, तेल विरघळवायचं, वाफेने हेक्झेन काढून परत वापरायचं. फरक दाबाचा. हेक्झेन सत्तरच्या जरा खाली उकळतं, त्यामुळे तिथलं काम हवेच्या दाबाला होतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं. त्याला द्रवरूपात ठेवायचं तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे जिथे तेल विरघळतं तो कॉलम, ३५ ते ४० बारवर चालवावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. या युनिटमध्ये तापमान वाढवलं की उतारा, म्हणजे व्हीआरमधून मिळणाऱ्या डीएओचा वाटा, घटतो. नवा माणूस इथेच अडखळतो, कारण साखर असो की मीठ, गरम केलं की जास्त विरघळतं हेच डोक्यात बसलेलं असतं. इथे सॉल्व्हंट आपल्या क्रिटिकल बिंदूच्या (जिथे द्रव आणि वाफ यांतला फरक मिटतो) जवळ असतो. प्रोपेनचा क्रिटिकल बिंदू ९६.७ अंश आणि ४२.५ बार, नॉर्मल ब्युटेनचा १५२ अंश आणि ३८ बार, पेंटेनचा १९६.६ अंश आणि ३३.७ बार. या बिंदूकडे सरकताना द्रवाची घनता झपाट्याने पडते, आणि घनता पडली की जड रेणू धरून ठेवायची ताकद पडते. ४० बारला प्रोपेन ४० वरून ८० अंशांवर नेलं तर घनतेचा जवळपास पाचवा हिस्सा जातो. डीडब्ल्यूसिम हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर टाकून हा आलेख स्वतः काढा. दहा व्याख्यानांपेक्षा त्यातून जास्त कळेल. मात्र त्याच सॉफ्टवेअरमध्ये पेंग-रॉबिन्सन हे समीकरण लावून अस्फाल्टीनचा उतारा काढायला जाऊ नका. उत्तर येईल, पण विश्वास ठेवण्याजोगं नसेल. तो आकडा पायलट प्लांटच्या चाचणीतून आणि लायसन्सरच्या (प्रक्रियेचा परवाना देणाऱ्या कंपनीच्या) आलेखांवरूनच घेतात.

सॉल्व्हंट कोणता हे डीएओ कुठे जाणार यावर ठरतं. वंगणाचा ब्राइट स्टॉक (घट्ट बेस ऑइल) करायचा असेल तर प्रोपेन: उतारा कमी, साधारण ३० ते ४० टक्के, पण तेल स्वच्छ. देशातली जुनी प्रोपेन युनिटं वंगण बनवणाऱ्या रिफायनऱ्यांतच आहेत: मुंबई, हल्दिया, मनाली. एफसीसी (कॅटॅलिस्टवर जड तेल तोडणारं युनिट) किंवा हायड्रोक्रॅकरला (हायड्रोजनसोबत तोडणारं) खाद्य द्यायचं असेल तर ब्युटेनवर ५० ते ६५ टक्के आणि पेंटेनवर ७० किंवा त्याहून जास्त. हे आकडे क्रूडप्रमाणे बरेच हलतात. अरबी जड क्रूडचा व्हीआर आणि बॉम्बे हायचा व्हीआर एका मापाने मोजता येत नाही.

युनिटची फेरी अशी. व्हीआर थंड करून त्यात थोडा सॉल्व्हंट आधीच मिसळतात, नाहीतर चिकटपणामुळे एक्स्ट्रॅक्टरमध्ये नीट पसरत नाही. एक्स्ट्रॅक्टर हा उभा कॉलम, आत फिरत्या चकत्या किंवा स्ट्रक्चर्ड पॅकिंग. व्हीआर वरच्या भागात येतो, उरलेला सॉल्व्हंट खालून, दोघांची उलट दिशेने गाठ पडते. प्रोपेनला तापमान साधारण ५० ते ८० अंश. सॉल्व्हंटचं प्रमाण आकारमानाने प्रोपेनला ६ ते ८ पट किंवा जास्त, ब्युटेन-पेंटेनला ४ ते ६ पट. कॉलमचं टोक तळापेक्षा मुद्दाम गरम ठेवतात. वर जाणाऱ्या द्रावणातून काही जड रेणू तिथे गळतात, खाली येताना पुन्हा धुतले जातात, आणि डीएओ स्वच्छ होतं. हा फरक पुसला गेला तर उतारा तोच राहून दर्जा घसरतो, आणि पॅनलवर पटकन कारण सापडत नाही.

पुढे सॉल्व्हंटची परतफेड, आणि खरा ऊर्जेचा खर्च तिथे आहे. जुन्या पद्धतीत सगळा सॉल्व्हंट उकळवून परत थंड करायचे. केर-मॅकगी कंपनीने १९५०च्या दशकात विकसित केलेल्या 'रोझ' प्रक्रियेत दाब क्रिटिकलच्या वर ठेवून द्रावण क्रिटिकल तापमानाच्या पुढे नेतात. घनता एकदम कोसळते, तेल आपोआप गळून सेपरेटरमध्ये खाली बसतं, आणि ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास सॉल्व्हंट न उकळताच परत मिळतो. तेलात राहिलेला थोडा सॉल्व्हंट वाफेच्या स्ट्रिपरमध्ये निघतो. पिचची बाजू वेगळी: ती भट्टीत दोनशे अंशांच्या बऱ्याच वर तापवतात, फ्लॅश करतात, मग स्ट्रिपर.

हातात असलेल्या कळा चारच: तापमान, दाब, सॉल्व्हंटचं प्रमाण, सॉल्व्हंटची जात. रोजच्या कामात तापमान फिरवतात, तेही एकेका अंशाने, आणि लॅबचा निकाल येईपर्यंत थांबून. प्रमाण वाढवल्याने त्याच उताऱ्याला तेल जास्त स्वच्छ मिळतं, पण पंप आणि हीटरचा खर्च चढतो. उतारा कमी पडला की घाईत प्रमाण वाढवणारे बरेच असतात. आधी तापमान बघावं.

बिघाड बहुतेक इंटरफेसपाशी सुरू होतो. एक्स्ट्रॅक्टरच्या तळाशी पिच आणि सॉल्व्हंट यांची सीमारेषा असते. तिथली लेव्हल मोजणारी उपकरणं पिचने माखतात आणि खोटं सांगतात. रेषा वर चढली तर पिच डीएओत जाते. प्रोपेनच्या डीएओचा रंग काळवंडला की शंका घ्यायची. पेंटेनचं तेल मुळातच काळं, तिथे रंग काही सांगत नाही, कॉनरॅडसन कार्बन (तापवल्यावर मागे उरणारा कोक) आणि धातूंचा रिपोर्टच पाहायचा. रेषा खाली गेली तर जास्त धोका: ४० बारचा सॉल्व्हंट थेट पिचच्या भट्टीत आणि कमी दाबाच्या फ्लॅश ड्रममध्ये घुसतो, दाब उसळतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात. पिचच्या ड्रममध्ये फेस येणं ही दुसरी कटकट. त्यासाठी ॲंटीफोम देतात. फेस वर गेला की पिच सॉल्व्हंटच्या कंडेन्सरमध्ये पोचते आणि मग साफसफाई किती दिवस चालेल सांगता येत नाही.

सॉल्व्हंटही शुद्ध राहत नाही. स्ट्रिपरच्या वाफेचं पाणी सॉल्व्हंटच्या ड्रमच्या तळाशी साठतं, ते वेळेवर काढलं नाही तर एक्स्ट्रॅक्टरचा दाब हेलकावे खातो. प्रोपेनमध्ये ब्युटेन मिसळलं की उतारा वाढतो आणि दर्जा पडतो, म्हणजे तापमानाला हात न लावता तापमान कमी केल्यासारखं. हायड्रोजन सल्फाइड साठून गंज लागतो.

पाणी किंवा नमुना काढताना एक नियम. दोन व्हॉल्व्ह असतात: भांड्याजवळचा आधी पूर्ण उघडायचा, प्रवाह बाहेरच्याने थोडा थोडा सोडायचा. प्रोपेन दाबातून सुटताना इतकं थंड होतं की पाण्याचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडकतो. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधल्या फेझां रिफायनरीत प्रोपेनच्या गोल टाकीचं पाणी काढताना क्रम उलटा झाला, वरचा, म्हणजे टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद होईना, आणि पुढच्या आगीत-स्फोटात १८ जणांचा जीव गेला. प्रोपेनची वाफ हवेपेक्षा दीडपट जड असते आणि हवेत दोन टक्क्यांच्या जरा वर गेली की पेटू शकते. ती खड्ड्यात, गटारात साचते. नाकावर नाही, गॅस डिटेक्टरवर भरवसा ठेवा.

हिशेब करायला शिका. नमुन्याचे आकडे घ्या: १०० टन व्हीआर, कॉनरॅडसन कार्बन २० टक्के, धातू १५० पीपीएम. उतारा ६० टक्के, डीएओत कार्बन ८ टक्के आणि धातू २५ पीपीएम. म्हणजे डीएओत ४.८ टन कार्बन गेला, उरलेला १५.२ टन ४० टन पिचमध्ये, म्हणजे ३८ टक्के. धातू आले १५ किलो, डीएओत गेले दीड किलो, पिचमध्ये साडेतेरा, म्हणजे सुमारे ३३८ पीपीएम. लॅबचे आकडे असे जुळत नसतील तर एखादा नमुना चुकीच्या जागेवरून घेतलेला असतो. गंधकाची अशी झकास विभागणी होत नाही, तो दोन्हीकडे भरपूर राहतो.

मग पिचचं काय, हा प्रश्न उताऱ्याची कमाल मर्यादा ठरवतो. प्रोपेनची पिच तुलनेने मऊ, ती रस्त्याच्या डांबरात मिसळता येते. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ पडण्याचं तापमान) किमान ४७ अंश लागतो. पेंटेनच्या पिचचा १५०च्या वर जाऊ शकतो. असली पिच लाइनमध्ये थिजली की पाइप कापावा लागतो, म्हणून ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणारी व्यवस्था) आणि बंद करण्याआधी हलक्या तेलाचं फ्लशिंग यात कुचराई चालत नाही. कोकर, गॅसिफायर किंवा मिश्रणासाठी पातळ तेल हाताशी नसेल तर जास्त उताऱ्याचा हट्ट धरणं म्हणजे विकता न येणारा माल तयार करणं.

कॉलेजात करता येईल असा एक प्रयोग: रस्त्याच्या कामावरून थोडं डांबर आणा. एक ग्रॅमला ३० मिली हेप्टेन, तासभर रिफ्लक्स, मग अंधारात दीड ते अडीच तास ठेवून गाळा. गाळ गरम हेप्टेनने धुऊन मेण काढा, टोल्युइनमध्ये विरघळवा, उडवा, वजन करा. राहिले ते अस्फाल्टीन. फ्युमहूडमध्ये, उघड्या ज्योतीशिवाय.

नोकरीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पदवीवाल्यांनी गेट परीक्षेचा सीएच (केमिकल) पेपर द्यावा, आणि सरकारी तेल कंपन्यांच्या स्वतंत्र परीक्षांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावं. डिप्लोमावाल्यांसाठी ऑपरेटरच्या जागा निघतात. भौतिक, गणित, रसायन घेऊन बीएस्सी झालेल्यांना इंडियन ऑइलच्या रिफायनऱ्यांत अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या ट्रेडची अप्रेंटिसशिप घेता येते. ही वाट आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत असते. मुलाखतीला जाताना एक्स्ट्रॅक्टर, सेपरेटर आणि दोन स्ट्रिपर यांचं चित्र न बघता काढता यावं, आणि प्रत्येक रेषेवर अंदाजे तापमान-दाब लिहिता यावा.