‘सब्जेक्ट टू’ : बिलावर, करारात आणि ई-मेलमध्ये

मेनरोडवरच्या दुकानाचे बिल असो, सातपूरच्या वर्कशॉपचे चलन असो की पिंपळगावच्या द्राक्षव्यापाऱ्याची पावती, तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ बहुधा असतेच : ‘सब्जेक्ट टू नाशिक ज्युरिसडिक्शन’ (ज्युरिसडिक्शन म्हणजे न्यायालयाचे अधिकारक्षेत्र). सब्जेक्ट म्हणजे विषय, हे शाळेपासून डोक्यात बसलेले असल्यामुळे ही ओळ वाचूनही पुष्कळांना उलगडा होत नाही. ‘टू’ला जोडून आलेल्या या सब्जेक्टचा विषयाशी संबंध नाही. त्याचा मूळ अर्थ ‘अधीन’.

वाचताना आधी ‘टू’च्या पुढे काय आहे ते पाहा. पुढे असेल ते वरचढ, मागे असेल ते त्याच्या हाताखाली. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य दिले आहे, पण सुरुवातच ‘सब्जेक्ट टू पब्लिक ऑर्डर, मोरॅलिटी अँड हेल्थ’ अशी आहे. मराठीत त्याचा अर्थ ‘यांच्या अधीन राहून’. म्हणजे स्वातंत्र्य आहे, पण सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य त्याच्या वर. याच्या नेमका उलट शब्द ‘नॉटविथस्टँडिंग’ : त्याच्या पुढे जे येते ते बाजूला सारले जाते. करारात हे दोन्ही शब्द सापडले की पेन्सिलीने खूण करावी. कोणते कलम कोणावर मात करते, ते तिथेच कळते.

व्यवहारात सर्वांत जास्त भेटतो तो अटीचा अर्थ. अंबडच्या कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये ‘युअर अपॉइंटमेंट इज सब्जेक्ट टू मेडिकल फिटनेस अँड डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन’ असे असेल, तर नोकरी अजून पक्की झालेली नाही. दोन्ही गोष्टी पार पडल्याचे लेखी हातात येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. पावतीवरच्या ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन ऑफ चेक’चाही अर्थ तोच : चेक वटला तर ही पावती खरी.

अशी अट दिसली की तीन गोष्टी तपासा. अट पुरी झाली हे ठरवणार कोण? कधीपर्यंत? आणि नाही झाली तर काय? तिसरी गोष्ट बहुतेक कागदांत नसते आणि भांडण तिथेच होते. फ्लॅटच्या विसार पावतीत नुसते ‘सब्जेक्ट टू लोन सँक्शन’ लिहिले आणि बँकेने कर्ज नाकारले, तर विसार परत मिळणार की नाही यावर वाद उभा राहतो. म्हणून पुढे वाक्य जोडून घ्यावे : ‘इफ द लोन इज नॉट सँक्शन्ड बाय थर्टिएथ जून, द टोकन अमाउंट शॅल बी रिफंडेड इन फुल विदिन फिफ्टीन डेज.’ तारखा आपल्या सोयीने घाला, पण घालाच.

दुसरा अर्थ ‘लागू असणे’ किंवा ‘होण्याची शक्यता असणे’. ‘सब्जेक्ट टू जीएसटी’ म्हणजे जीएसटी लागेल. ‘प्राइसेस आर सब्जेक्ट टू चेंज’ म्हणजे भाव बदलू शकतात. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतले ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’ याच जातीचे. गोदाघाटाजवळच्या गल्ल्यांबद्दल ‘सब्जेक्ट टू फ्लडिंग’ म्हटले, तर तिथे पुराचे पाणी शिरू शकते एवढेच कळते. या क्षणी पाणी आहे असे नव्हे.

आता बिलावरची ओळ. वाद झाला तर तो नाशिकच्या न्यायालयात चालावा, हा तिचा हेतू. पण नुसत्या तेवढ्या शब्दांवर विसंबू नये. १९८९ साली ए.बी.सी. लॅमिनार्टच्या खटल्यात ‘सब्जेक्ट टू कैरा ज्युरिसडिक्शन’ एवढेच कलम होते (कैरा म्हणजे गुजरातमधले खेडा). ‘ओन्ली’सारखा शब्द नसल्याने त्या कलमामुळे तमिळनाडूतल्या सेलमच्या न्यायालयाचा अधिकार जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे २०१३ साली स्वस्तिक गॅसेसच्या निकालात, तो शब्द नसला तरी पक्षांचा हेतू पाहावा, असे म्हटले गेले. तरी संदिग्धता ठेवायची कशाला? ‘ओन्ली द कोर्ट्स ॲट नाशिक शॅल हॅव ज्युरिसडिक्शन’ असे स्वच्छ लिहा, आणि तेही दोघांच्या सह्या असलेल्या ऑर्डरमध्ये किंवा करारात. शिवाय ज्या न्यायालयाचा त्या व्यवहाराशी कायद्याने संबंधच नाही, त्याला असे लिहून अधिकार देता येत नाही. घरगुती ग्राहकाने तर ही ओळ पाहून माघार घेऊ नये : २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते.

लिहिताना सर्वाधिक चुका ‘सब्जेक्टेड’मुळे होतात. ‘प्राइसेस आर सब्जेक्टेड टू चेंज’ चूक. ‘सब्जेक्टेड’ हे क्रियापदाचे रूप आहे, एखाद्या गोष्टीला कशातून तरी जायला लावले, अशा अर्थाचे. ‘द ग्रेप्स वेअर सब्जेक्टेड टू रेसिड्यू टेस्टिंग’ म्हणजे द्राक्षांची कीडनाशक-अंश तपासणी झाली. ‘द ग्रेप्स आर सब्जेक्ट टू रेसिड्यू टेस्टिंग’ म्हणजे तपासणीचा नियम लागू आहे, ती झाली की नाही हे त्यातून कळत नाही. युरोपातल्या खरेदीदाराला कळवताना हा फरक पैशांचा ठरतो. उच्चारही वेगळा : ‘अधीन’ अर्थी जोर ‘सब्’वर, क्रियापदात ‘जेक्ट’वर.

दुसरी नेहमीची चूक ‘सब्जेक्ट टू रिसीव्ह पेमेंट’. इथल्या ‘टू’नंतर नाम येते किंवा ‘इंग’ लावलेले रूप, म्हणून ‘सब्जेक्ट टू रिसीट ऑफ पेमेंट’ किंवा ‘सब्जेक्ट टू रिसीव्हिंग पेमेंट’. पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर हा शब्दप्रयोग सोडून ‘प्रोव्हायडेड दॅट’ वापरावा.

ई-मेलमध्ये अट शेवटी ढकलू नका. ‘वी विल डिस्पॅच ऑन मंडे’ वाचून समोरचा ट्रकची व्यवस्था करून मोकळा होतो. ‘सब्जेक्ट टू रिसीट ऑफ फिफ्टी पर्सेंट ॲडव्हान्स बाय फ्रायडे, वी विल डिस्पॅच ऑन मंडे’ असे लिहा, म्हणजे आधी पैसे पाठवायचे आहेत हे पहिल्याच ओळीत दिसते.