पावतीच्या मागे लेख कसा लिहायचा

मी पिग्मी एजंट, म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरून ठेवीचा छोटा हप्ता गोळा करणारा. सोलापुरात, एका पतसंस्थेचा. सकाळी दहा ते दीड, संध्याकाळी पाच ते नऊ, सत्तरेक दुकानं. कोणी 50 देतो, कोणी 100, कोणी "आज ऱ्हाऊ द्या, उद्या डबल घ्या" म्हणतो. अधूनमधून ललित लेख लिहितो, दोन-तीन दिवाळी अंकांत आलेही. ते कळल्यापासून गिऱ्हाइकं विचारतात, "सुचतं कसं हो तुम्हाला?" सुचत नाही, जमा होतं. जमा करायची रीत मात्र सांगता येते.

पहिलं म्हणजे नवी वही आणू नका. कोरी वही समोर आली की माणूस पहिल्या पानावर 'आयुष्य म्हणजे' असं लिहितो आणि तिथंच रुततो. मी हप्त्याची पावती छापणाऱ्या मशीनमधून चुकून निघालेल्या पावत्या वापरतो. या कागदावरचं छापलेलं उन्हात उडून जातं, पण मागे पेनाने लिहिलेलं टिकतं. एका पावतीवर एकच गोष्ट लिहायची: कुणाचं तरी बोललेलं वाक्य, जसंच्या तसं. खाली तारीख आणि जागा. 'वाईट वाटलं', 'गंमत वाटली' हे लिहायचं नाही, ते वाक्य परत वाचलं की आपोआप वाटतं. नाही वाटलं तर पावती फेकून द्यायची. एक पानवाला मला म्हणाला होता, "धंदा बसलाय म्हंजे नुसता बसला न्हाई, मांडी घालून बसलाय." हे घरी जाऊन आठवू म्हटलं असतं तर 'धंदा मंदीत आहे' एवढंच उरलं असतं.

पिग्मी ठेव 1928 साली उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने सुरू केली, दिवसाला दोन आणे. दोन आण्यांचं कोणाला ओझं होत नाही, ही त्यातली हुशारी. रोज एक वाक्यही तसंच. रविवारी बसून दहा लिहीन म्हणाल तर एकही होणार नाही. हे बावीस वर्षं हप्ते गोळा करणारा माणूस सांगतोय.

आता साठलेल्यातून लेख कसा काढायचा, ते एका उदाहरणावरून सांगतो.

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी ज्वारीचा डबा घेऊन मी गिरणीत रांगेला होतो. (हे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे, हप्ते घेता घेता होऊन जातं.) ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, असे डबे लागलेले. एक आजी छोटा स्टीलचा डबा घेऊन आल्या. भाजलेली भगर, राजगिरा, साबुदाणा. उपवासाची भाजणी.

"आधी काय दळलंय?"

"ज्वारी, आजी."

"मग न्हाई चालत."

गिरणीवाला म्हणाला, "परवा सकाळी सहाला या. जातं पुसून ठेवतो, पहिला घाणा तुमचा."

"परवा सहाला नळाला पाणी येतंय. पाच दिसांनी."

गिरणीवाला गप्प. मागे पट्ट्याचा आवाज चालू. आजींनी पीठ पडतं त्या नळ्याखाली हात धरला, बोटांवर आलेलं पीठ चोळलं, वास घेतला. मग डबा पुढे सरकवला. "दळ तसंच. इठोबा कुठं चाळून खातोय." पैसे दिले, डबा पदराखाली घेतला आणि जाता जाता आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "सुनंला सांगू नका."

पहिल्या खर्ड्यात मी काय लिहिलं होतं माहीत आहे? 'गिरणीचा तो लयबद्ध आवाज ऐकला आणि मन बालपणात गेलं.' अर्धं पान बालपण, मग आजी, मग श्रद्धेवर एक परिच्छेद. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी कधी येणार?" तेवढ्यावरून कळलं. बालपण उडवलं, सुरुवात 'आधी काय दळलंय?' इथून केली. श्रद्धा उडवली, शेवट सुनेवर ठेवला. मधे फक्त एक गोष्ट वाढवली: पाणी पाच दिवसांनी येतं तेव्हा त्या घरात सकाळी सहाला काय काय भरावं लागतं. पिंप, कळशी, कुकर, बादल्या, शेवटी भांडी. ती यादीच लेखाचा कणा झाली. लेख दीड पानाचा होता, एका पानात बसला.

लिहायला उशीर मात्र करू नका. आमच्याकडे ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. पावतीचंही तसंच आहे, आठ-दहा दिवसांत लेखाला बसलो नाही तर वाक्य असतं पण चिकटत नाही. पिग्मी साठवत ठेवायची आणि पीठ ताजं हवं, मग माझी रीत नेमकी कुठली, असं एकाने मला विचारलं होतं. दोन्ही. जुन्या पिठात उकळतं पाणी घालतात, मग थापता येतं. जुन्या पावतीला मी त्या जागी परत जाऊन येतो. दुकान तेच असतं, रोज जायचंच असतं, फक्त त्या दिवशी दोन मिनिटं जास्त थांबायचं.

लांबी कमी ठेवायची तर जात्यावरच्या ओव्या वाचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बायकांचे हात खुंट्याला, कागद नाही, आणि दोन ओळींत माहेर, भाऊ, सासू, पाऊस सगळं बसवायचं. त्यापुढे आपलं एक पान म्हणजे चैन.

मालिका, सिनेमा, गाणी लेखात आणायची असली तर त्यांची गोष्ट सांगत बसू नका, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. बघणाऱ्याकडे बघा. माझा एक शिंपी गिऱ्हाईक शिलाई मशीनला मोबाईल टेकवून मालिका बघतो. एकदा त्याने एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या जोडल्या. मी विचारलं, सोडून का देत नाही? म्हणाला, "त्या सासूला एकदा अद्दल घडली की सोडणार." सहा वर्षं झाली. सासूला काही होत नाही.

एक चूक माझी सांगून ठेवतो. एका दुकानदाराच्या भावकीचं भांडण मी लेखात जवळजवळ तसंच लिहिलं, नाव तेवढं बदललं. अंक कुणीतरी त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. तो मला काही बोलला नाही, खातं मात्र बंद केलं, 11 वर्षांचं. आता मी धंदा बदलतो, पेठ बदलतो, बाईचा पुरुष करतो. वाक्य मात्र बदलत नाही. (शिंपीही शिंपी नाही.)

मोबाईलवर बोलून टाइप करत असाल तर पाठवण्याआधी एकदा वाचाच. माझ्या फोनने 'उपवासाची भाजणी' सगळीकडे 'उपवासाची भजनी' केली होती, आणि संपादकांना ते ग्रामीण वाटलं.

दिवाळी अंकाला पाठवायचं तर जून-जुलैत पाठवा, गणपतीनंतर जागा उरत नाही. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदाच विचारा. हप्ता मागायलाही मी दोनदा जात नाही.

आजच्या पावतीवर चहावाल्याचं एक वाक्य आहे: "साखर कमी करा म्हणणारेच बिस्किट मागतात." त्याचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. उद्या पाच वाजता त्याच्याकडे जायचंच आहे.