दुधाचा नमुना कोर्टात टिकवायचा असेल तर

सुट्या दुधाचा नमुना सगळ्यांत नाजूक. तो नासला की आरोपीचा फेरतपासणीचा हक्क बुडतो आणि खटलाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीचं दह्याचं एक प्रकरण याच मुद्द्यावर पडलं. त्यामुळे नमुना घेणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठीच्या या टिपणात दूधच धरलं आहे. कायदा अर्थात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, आणि त्याखालचे २०११ चे नियम.

दुकानात किमान एक साक्षीदार बोलवा आणि नमुना तपासणीसाठी घेत असल्याची फॉर्म ५-अ ची नोटीस विक्रेत्याला आधी द्या. कॅनमध्ये साय वर चढलेली असते. न ढवळता वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त भरतं, तळाचं घेतलं तर कमी. तेव्हा तळापासून ढवळा, आणि कशाने व कसं ढवळलं हे पंचनाम्यात लिहा. उलटतपासणी तिथूनच सुरू होते. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाला ५०० मिली लागतं, भाग चार, म्हणून २ लिटर विकत घ्या आणि पैशांची पावती ठेवा. बाटल्या कोरड्याच हव्यात. ओली बाटली म्हणजे ‘पाणी तुम्हीच घातलं’ हा बचाव आयता हातात.

नमुना नासू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालतात. त्याचं प्रमाण २५ मिलीला ०.१ मिली, म्हणजे दोन थेंब. ५०० मिलीच्या बाटलीत २ मिली, आणि चारही बाटल्यांत सारखंच. लेबलवर त्याची नोंद करायला विसरू नका: दूध टिकवायला भेसळ करणारेही फॉर्मॅलिनच वापरतात, त्यामुळे नोंद नसेल तर ते कुणी घातलं हा प्रश्न उभा राहतो. जिवाणूंची तपासणी करायची असेल तर फॉर्मॅलिन अजिबात नको. निर्जंतुक बाटली आणि बर्फाची पेटी लागते.

बूच घट्ट बसवून बाटली जाड कागदात गुंडाळा. पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या (तुमच्या वरच्या अधिकाऱ्याच्या) सहीची, सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी तळापासून वरपर्यंत चिकटवा. विक्रेत्याची सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी वेष्टनावर यायला हवी. चिठ्ठी बदलली तर सही जुळणार नाही. मग दोरा, आणि लाखेचे किमान चार स्पष्ट ठसे: एक वर, एक खाली, दोन अंगावर. गाठींवरही लाख. लाख फार पातळ झाली की ठसा पसरतो आणि प्रयोगशाळेला तो ताडून पाहता येत नाही.

एक भाग विश्लेषकाकडे, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. फॉर्म ६ ची (नमुन्यासोबतच्या पत्राची) प्रत आणि शिक्क्याचा ठसा वेगळ्या सीलबंद पाकिटात पाठवा. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग विक्रेत्याने मागितलं तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, नाहीतर तोही अधिकाऱ्याकडेच. ही निवड त्याला दिली होती हे कागदावर दिसलं पाहिजे.

अहवाल १४ दिवसांत यायला हवा. विक्रेत्याला त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, म्हणून अहवाल त्याच्या हाती पडल्याची पोच जपा. नुसती पाठवल्याची नोंद पुरत नाही. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळले नाहीत, तर रेफरल प्रयोगशाळेचा (फेरतपासणीसाठी नेमलेल्या वरच्या प्रयोगशाळेचा) निर्णय अंतिम.

अहवालातला एक शब्द पुढची वाट ठरवतो. गाईच्या दुधात फॅट ३.२ किंवा एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.३ टक्क्यांखाली, बाकी काही नाही, तर दूध ‘कमी दर्जाचं’: न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे (कोर्टात नाही) ५ लाखांपर्यंत दंड, तुरुंग नाही. डिटर्जंटसारखं काही सापडून ‘असुरक्षित’ ठरलं तरच कलम ५९ खाली फौजदारी. इजा झालेली नसेल तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. मृत्यू झाला असेल तर किमान ७ वर्षं. कैदेची शिक्षा असलेल्या प्रकरणात पदनिर्देशित अधिकाऱ्याची खटल्याच्या मंजुरीची शिफारस १४ दिवसांत अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जायला हवी. गुन्ह्यापासून एक वर्षात कोर्टाने दखल घ्यावी लागते. आयुक्तांनी कारणं लेखी नोंदवून मंजुरी दिली तर ही मुदत तीन वर्षांपर्यंत लांबते. जोडीला दंडसंहितेची (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे) भेसळीची कलमं लावण्याचा मोह टाळा. कलम ५९ लागू असताना ती चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

ग्राहकालाही कलम ४० खाली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. अट एकच, तीच बहुतेकांना ठाऊक नसते: तपासून घेणार आहे, हे विक्रेत्याला खरेदी करतानाच सांगायचं.