वाळूजला खोली घेतलीत? मालकाच्या वाय-फायला जोडण्याआधी एवढं वाचा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली की माणूस बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी नाहीतर पंढरपूरला खोली बघतो. (हे आपलं वाळूजजवळचं छोटं पंढरपूर. घरी फोनवर नीट सांगा, नाहीतर आई सगळ्या गावाला सांगेल की पोरगं नोकरी सोडून विठोबाकडे गेलं.) १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला तेव्हापासून खानदेश, विदर्भ, नगर, नाशिककडची माणसं येतच आहेत. मीही जळगावकडचा, आता इथलाच झालोय. त्यामुळे नवीन पोरं हक्काने फोन करतात. पाणी किती दिवसांनी येतं, मेस कुठली बरी, आणि हल्ली तिसरा प्रश्न: "दादा, वाय-फायला फुल रेंज दाखवतंय, पण नेट चालंना."

पाणी आणि मेस यांची उत्तरं गल्लीगल्लीत बदलतात. नेटचं तसं नाही. रेंज फुल, मालकाच्या मोबाईलवर नेट व्यवस्थित, आणि तुमच्याकडेच येतं-जातं असं होत असेल, तर केबलवाल्याला शिव्या देण्याआधी एक गोष्ट शोधा: या बिल्डिंगमध्ये आयपी पत्ते वाटतंय कोण?

इथल्या भाड्याच्या बिल्डिंगा साधारण एकाच पद्धतीच्या. खाली मालक, वर दोन-तीन मजले खोल्या. मालकाने फायबरचं एकच कनेक्शन घेतलेलं असतं. त्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला एक पांढरा डबा असतो, ज्याला सगळे मोडेम म्हणतात. त्यातून लॅन वायर जिन्याने वर जाते आणि प्रत्येक खोलीवाला आपापला राउटर आणून त्या वायरला लावतो. भाड्यात थोडे पैसे वाढवून देतो, विषय संपला. आणि बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा पत्ता लागतो. घरात वापरायचे पत्ते ठरलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले हे खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, म्हणून तुमच्या खोलीत १९२.१६८.१.५ असेल आणि शेजारच्या सोसायटीतही तोच असेल तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच नेटवर्कात तोच पत्ता दोघांकडे आला की. एसटीत एकाच सीटचं रिझर्व्हेशन दोघांच्या हातात असलं की जे होतं तेच. फरक इतकाच, की इथे कंडक्टर नसतो. राउटरला तुमच्या लॅपटॉपकडे काही पाठवायचं असलं की तो आधी सगळ्यांना विचारतो, "हा पत्ता कोणाचा?" दोघं "माझा" म्हणतात. ज्याचं उत्तर शेवटी नोंदलं गेलं त्याच्याकडे माल जातो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, फोटो अडकतो, थोड्या वेळाने उलटं होतं. नेट पूर्ण बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान शोधायला सोपं.

पत्ते वाटायचं काम राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय करते. ती ठरलेल्या पट्ट्यातला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देते. मुदत अर्धी उलटली की यंत्र आपणहून मुदतवाढ मागतं. वाटणारा एकच असेल तर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं.

आता तुमचा राउटर हातात घ्या आणि पाठीमागे बघा. चार-पाच भोकं असतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं किंवा थोडं बाजूला असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. बाकीची लॅनची. जिन्यातून आलेली वायर लॅनच्या भोकात घुसवली तरी बऱ्याचदा नेट चालू होतं. हीच खरी गोम. चालू होतं म्हणून कोणी परत बघत नाही. पण आता मालकाचा डबाही पत्ते वाटतोय आणि तुमचा राउटरही, दोघं एकाच नेटवर्कात, एकमेकांना न विचारता. दोघांचा पट्टा सारखाच असला, आणि तो बऱ्याचदा असतो, की पत्ते एकमेकांवर पडणार. त्यातून दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर तुमच्या खोलीचंच नाही, सगळ्या बिल्डिंगचं नेट डुगडुगायला लागतं. मग खालून हाक येते: "कोन काय लावलं रे नवीन?"

यावर दोन रस्ते. भाडेकरूला मी पहिलाच सुचवतो. वायर वॅनच्या भोकात लावा आणि आपल्या राउटरचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.५० असा वेगळा पट्टा करा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.५०.१ लिहून सेव्ह केलं की राउटर रीस्टार्ट होतो आणि पुढचे पत्ते ५० च्या पट्ट्यातलेच देतो. पट्टा बदलायचं विसरू नका. वॅनच्या बाजूला १९२.१६८.१ आणि लॅनच्या बाजूलाही १९२.१६८.१ असलं तर राउटरला कुठलं आत आणि कुठलं बाहेर हेच कळत नाही. काही राउटर हे ओळखून आपणहून बदल करतात, सगळे नाही. या पद्धतीत इतर मजल्यांवरच्यांना तुमच्या खोलीतली यंत्रं दिसत नाहीत, हा मोठा फायदा. तोटा असा की पत्त्यांचं भाषांतर (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणं) दोनदा होतं, त्यामुळे काही ऑनलाइन गेम कुरकुरतात आणि बाहेरून खोलीतला कॅमेरा बघणं अवघड जातं.

दुसरा रस्ता घरच्यांसाठी, म्हणजे सगळा मजला एकाच कुटुंबाचा असेल तर. तुमच्या राउटरमधली डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा मालकाच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्या आणि मग वायर खुशाल लॅनमध्ये लावा. नवीन राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो, तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. खालचा प्रिंटर वरून वापरायचा असेल तर हाच उपाय.

आता कॅमेरे. बजाजनगरात कॅमेरे नसलेली बिल्डिंग शोधावी लागते. जिन्याखालच्या कपाटात, मीटरच्या शेजारी, डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा, काळा डबा असतो. त्यावर धूळ, वर एखादी झाडूची काडी, मागे नेटची वायर. बसवणाऱ्याने मोबाईलवर दिसावं म्हणून त्याला हाताने एक पत्ता लिहून दिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच असतो. दाहुआचे बरेच कॅमेरे कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८ घेऊन निघतात, हिकव्हिजनचे १९२.१६८.१.६४. टीपी-लिंकच्या पुष्कळ राउटरांचा वाटपाचा पट्टा १०० ते १९९ असतो. म्हणजे १०८ कधीतरी कोणाच्या तरी मोबाईलला जाणारच. एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे पत्ता न बदलता एकदम लावले तर ते आपसातच भांडतात.

असा हाताने पत्ता लिहिलेला डबा शोधायचा कसा? राउटरच्या पानावर डीएचसीपी क्लायंटची यादी असते. त्यात हा दिसत नाही, कारण त्याने पत्ता मागितलेलाच नाही. यादीत नसलेला पण पत्त्यावर हजर असलेला, तोच आपला माणूस. ज्या पत्त्यावरून भांडण आहे तो ज्या यंत्रावर आहे ते बंद करा आणि दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्याला पिंग करा, म्हणजे "आहेस का?" असं विचारा. उत्तर आलं तर तिथे दुसरं कोणीतरी बसलंय. लगेच एआरपीची यादी (कुठला पत्ता कुठल्या यंत्राकडे ती नोंद) काढा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी, जागा, डॅश आणि ए. समोर मॅक पत्ता येतो, म्हणजे यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला ओळख क्रमांक. त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून यंत्र कुठल्या कंपनीचं ते बहुधा कळतं, आणि जिन्याखालच्या डब्यावरही तेच नाव असतं. (मोबाईल मात्र असा सापडत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला स्वतःचा खरा मॅक न देता बनावट देतात.)

सापडला तरी डीव्हीआरला स्वतःहून हात लावू नका. मालकाच्या लेकीचं लग्न असो की गाडी, सगळं त्या कॅमेऱ्यात आहे. त्यांना सांगा, "काका, कॅमेऱ्याचा नंबर आणि माझ्या मोबाईलचा नंबर एकच पडायलाय, तुमच्या डब्यात वाटप १०० पासून सुरू होतं, कॅमेऱ्याला ५० च्या आतला देऊ." कॅमेरा बंद पडणार नाही एवढं पटलं की बहुतेक मालक चहा पाजून पासवर्ड देतात. त्याहून चांगलं म्हणजे मालकाच्या राउटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन करायचं आणि डीव्हीआरला ऑटोमॅटिकवर ठेवायचं. मग तो मागतो राउटरकडेच, पण दर वेळी त्याला एकच पत्ता मिळतो. प्रिंटरसाठीही हेच.

लॅपटॉपवर निदान करायला फार डोकं लागत नाही. विंडोज बऱ्याचदा स्वतःच सांगतं की या नेटवर्कवर दुसऱ्या कॉम्प्युटरकडे हाच पत्ता आहे. आयपीकॉन्फिग कमांड 'ऑल' लावून चालवली तर भांडणातल्या पत्त्यापुढे 'डुप्लिकेट' असा शेरा दिसतो. त्याच ठिकाणी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर अर्थ असा की लॅपटॉपला वापरण्याजोगा पत्ता मिळाला नाही आणि त्याने तात्पुरता स्वतःच एक घेतलाय. 'डुप्लिकेट' शेरा नसेल तर हा संघर्षाचा मामला नाही, वाटणाराच गप्प आहे. वायर आणि राउटर बघा. तात्पुरती सुटका हवी असेल तर त्याच आयपीकॉन्फिगला आधी 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' लावून चालवा. आयफोनमध्ये वाय-फायच्या नावाशेजारच्या खुणेत रिन्यू लीज असतं, अँड्रॉइडमध्ये नेटवर्क विसरून परत जोडा. राउटर बंद-चालू करूनही चालतं होतं, म्हणूनच सगळे तेच करतात. पण मूळ कारण तसंच राहिलं तर दोन दिवसांनी तेच.

आणि लाइट. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की लाइट गेलीच म्हणून समजा. लाइट जाते तेव्हा राउटर बंद पडतो, पण लॅपटॉप आणि मोबाईल बॅटरीवर जागे असतात आणि आपला जुना पत्ता धरून बसतात. लाइट आली की स्वस्तातला राउटर, कोणाला काय दिलं होतं ते विसरून, पुन्हा पहिल्यापासून वाटायला लागतो. नवीन पत्ता घेण्याआधी "कोणी आहे का?" असं विचारायची पद्धत यंत्रांमध्ये असते, त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. समोरचा मोबाईल झोपलेला असला की उत्तर येत नाही, आणि अडतं. इन्व्हर्टर असेल तर मालकाचा डबा आणि तुमचा राउटर दोन्ही त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून घ्या, कारण सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात.

मेंटेनन्स आणि ऑटोमेशनवाल्या पोरांना वेगळं सांगतो, कारण वाळूजला ती भरपूर. कंपनीत पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) लॅपटॉप जोडायचा म्हणून तुम्ही लॅनला हाताने १९२.१६८.०.१० वगैरे पत्ता टाकता. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये नवीन पीएलसीला सुरुवातीला १९२.१६८.०.१ येतो आणि घरच्या कित्येक राउटरांचाही तोच असतो. शिफ्ट संपवून खोलीवर आलात, वाय-फाय नीट नाही म्हणून वायर लावली, की ०.१० घेऊन तुम्ही घरच्या पट्ट्यात घुसलात. कोणाशी भांडण नसलं तरी गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, न टाकल्यामुळे नेट मिळणार नाही. दर वेळी बदलत बसू नका. आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता ऑटोमॅटिक ठेवा, म्हणजे शेजारी अल्टरनेट कॉन्फिगरेशनचा टॅब दिसेल. पीएलसीचा पत्ता तिथे टाका. वाटणारा भेटला तर लॅपटॉप त्याच्याकडून घेईल, पीएलसीसारखा न वाटणारा भेटला तर थोडा वेळ वाट बघून हा वापरेल. शॉपफ्लोअरवर जोडल्यावर मिनिटभर धीर धरा, एवढंच.

एवढं सगळं करूनही नेट नाही आणि मालकाच्या डब्यावर लॉस (LOS, म्हणजे सिग्नल नाही) नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकतोय, तर पत्त्यांना हातही लावू नका. बाहेर कुठेतरी फायबर तुटलीय, जेसीबी फिरला असेल. केबलवाल्याला फोन करून "लॉस लाल आहे" एवढंच सांगा. "नेट चालंना" म्हणालात तर तो राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल.